नृत्याची सनद

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या छायेत ज्या वसाहती एकामागून एक उभ्या राहिल्या, त्यांपैकी आमदी नगराच्या अंगाने पसरलेली आमची वसाहत, घरबांधणीला कर्ज पुरविणाऱ्या सरकारी महामंडळाचे नाव तिला कायमचे चिकटल्यामुळे, आजही ‘हुडको’ म्हणूनच ओळखली जाते. नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावती अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलेली मराठी कुटुंबे तिच्यात पुष्कळ आहेत. मे-जूनच्या सुमारास बारावीचे निकाल लागले की या घरांच्या बैठकीत जी खलबते चालतात, त्यांत अभियांत्रिकी, वैद्यक आणि हिशेबतपासनिसी यांची नावे ठरलेली असतात; शिकवणीवर्गांच्या बाबतीत भिलाईचा लौकिक देशभर पसरलेला असल्याने त्यात नवल असे काही नाही. अशा वेळी सहाव्या-सातव्या वर्षापासून संध्याकाळी घुंगरांची पिशवी खांद्याला अडकवून क्लासला जाणारी एखादी मुलगी ‘मला नृत्यातच पदवी घ्यायची आहे’ असे म्हणाली, म्हणजे आजवर तिच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत बसून कौतुकाने टाळ्या वाजविणारी वडील मंडळी एकाएकी गंभीर होतात, आणि ‘नाच शीक की, कोण नको म्हणतंय? पण त्यासाठी कॉलेज कशाला?’ असा सवाल टाकतात.

हा सवाल कित्येकांना जुनाट वाटेल. मला तो रास्त वाटतो. नृत्य ही विद्या गुरूच्या समोर उभे राहून, त्याच्या देहाकडे पाहत पाहत आपल्या देहात उतरवायची. हजेरीपट, प्रश्नपत्रिका, गुणपत्रक आणि कुलसचिवांची सही यांच्याशी तिचा संबंध काय, आणि तो जोडला गेला तर विद्येचे हित होते की अहित, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. तो करायला आम्हा हुडकोवासीयांना फार दूर जावे लागत नाही. राजनांदगावावरून मोटारीने निघाले तर दोन तासांच्या आत जिथे पोहोचता येते, त्या खैरागढ नावाच्या लहानशा संस्थानी गावात केवळ संगीत, नृत्य आणि ललित कलांसाठी स्थापन झालेले एक संपूर्ण विद्यापीठ सत्तरीला येऊन पोहोचले आहे.

इंदिरा कला संगीत विद्यापीठ हे त्याचे नाव. नावावरून पुष्कळांचा समज होतो तसा त्यातील ‘इंदिरा’ या शब्दाचा इंदिरा गांधींशी संबंध नाही. उद्‌घाटन त्यांच्या हस्ते झाले एवढे खरे. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची संगीताची आवड असलेली इंदिरा नावाची कन्या बालवयातच निवर्तली. तिच्या स्मरणार्थ या दांपत्याने प्रथम एक संगीतशाळा काढली, आणि पुढे तिचे विद्यापीठ व्हावे म्हणून स्वतःचा राजवाडाच देऊन टाकला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विद्यापीठाची स्थापना झाली. वैदर्भीय वाचकाला ही तारीख दुसऱ्याच कारणाने मुखोद्गत असेल, कारण त्याच दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आणखी एक योगायोग असा की त्या दिवशी खैरागढ ज्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होते त्याची राजधानी अद्याप नागपूरच होती. राज्यपुनर्रचना अंमलात येऊन हे सारे दप्तर भोपाळला जायला त्यानंतर अठरा दिवस अवकाश होता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल रतनपुरावर बसल्यापासून छत्तीसगढचा कारभार ज्या शहराकडे तोंड करून चालत आला होता, त्या शहराच्या राजधानीपणाच्या अखेरच्या दिवसांत हे विद्यापीठ अस्तित्वात आले.

मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध एवढ्यावर संपत नाही. आरंभीच्या काळात कुलगुरुपद ज्यांच्याकडे आले ते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मुंबईत वाढलेले, विष्णु नारायण भातखंड्यांचे पट्टशिष्य, बडोद्यास उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडून तालीम घेतलेले आणि लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्यपद कित्येक वर्षे सांभाळलेले. भातखंडे पेशाने वकील होते. घराण्याघराण्यांत कुलूपबंद असलेली विद्या, दस्तऐवज गोळा करून मुकदमा उभा करावा त्या चिकाटीने, त्यांनी गोळा केली, तिची स्वरलिपी बसविली, तिचे थाटांत वर्गीकरण केले आणि १९२६ साली लखनौस शाळा काढून ती क्रमवार शिकविण्याची व्यवस्था लावली. कोणत्याही घरात जन्मलेल्या, कोणत्याही खाँसाहेबांची मर्जी संपादन न केलेल्या मुलालाही ठरलेल्या शुल्कात, ठरलेल्या क्रमाने ही विद्या मिळाली पाहिजे, हा त्या साऱ्या खटाटोपामागचा आग्रह होता. गायनाच्या बाबतीत सिद्ध झालेला हा आराखडा घेऊनच रातंजनकर खैरागढला आले, आणि नृत्य हे संगीताचेच तिसरे अंग या शास्त्रवचनाच्या आधाराने त्याच चौकटीत येऊन बसले.

यापूर्वी ही विद्या कोणाच्या आधाराने जगत होती हे पाहायचे तर छत्तीसगढातच रायगढला जावे. राजे चक्रधर सिंह स्वतः उत्तम तबला आणि पखवाज वाजवीत. जयपूरकडचे जयलाल, लखनौचे अच्छन महाराज अशा धुरंधरांना त्यांनी आपल्या दरबारी आणले, आणि गावोगावच्या ‘गंमत’ नावाचे लोकनाट्य करणाऱ्या मंडळींतून हेरलेल्या कार्तिकराम, कल्याणदास, फिरतूदास, बर्मनलाल अशा पोरांना त्यांच्या हवाली केले. या दोन प्रवाहांच्या संगमातून आणि राजांनी स्वतः रचलेल्या ‘दलबादल’, ‘कडक बिजली’ यांसारख्या गडगडाटी परणांतून जो कथकचा ढंग निर्माण झाला त्याला आज रायगढ घराणे म्हणतात. ‘नर्तन सर्वस्व’ हा प्रचंड ग्रंथही याच दरबारातला. आश्रय याहून डोळस असू शकत नाही; परंतु तो एका माणसाच्या हयातीवर अवलंबून होता. १९४७ साली चक्रधर सिंह वारले, लगोलग संस्थान विलीन झाले आणि कलावंत पांगले. त्यांच्या स्मरणार्थ रायगढला गणेश चतुर्थीपासून समारोह भरतो तो पाहण्यासारखा असतो हे खरे, परंतु समारोहातून तालीम मिळत नाही.

राजाश्रयातून विद्यापीठात झालेले हे स्थित्यंतर सर्वांत ठसठशीतपणे दिसते ते मात्र बडोद्यास. तंजावरच्या मराठी राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजींनी, ज्या चौघा बंधूंना आश्रय दिला, त्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू यांनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा तो क्रम बसविला जो आज भरतनाट्यमची प्रत्येक विद्यार्थिनी पाळते. खुद्द सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी पदे आहेत आणि ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेली आहेत, ही गोष्ट भरतनाट्यमला परक्या मुलुखाची कला समजणाऱ्या मराठी पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याच तंजावरची कन्या १८८०च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांची राणी होऊन बडोद्यास आली, तेव्हा तिच्या लवाजम्याबरोबर नर्तकी आणि नट्टुवनारही आले. म्हणजे नृत्य त्या शहरात आंदणाच्या यादीत बसून आले. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन होऊन १९५०च्या सुमारास तेथे नृत्याचा विभाग सुरू झाला आणि त्याच तंजावरी परंपरेतले कुबेरनाथ तंजोरकर तेथे अध्यापक झाले. ज्या विद्येची मोजदाद एके काळी दागिन्यांच्या आणि भांड्यांच्या शेजारी झाली असेल, तिच्यासाठी पाऊणशे वर्षांच्या आत त्याच शहरात प्रवेश-अर्ज मिळू लागले. कॉलेज कशाला, या सवालाचे माझ्या मते हेच पहिले उत्तर आहे: विद्यापीठात प्रवेशाला मर्जी लागत नाही, पात्रता लागते; आणि कोक ओव्हनमध्ये पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या मुलीला खैरागढच्या राजकन्येच्या वाड्यात नाचायला शिकण्याचा अधिकार अधिनियमाने मिळतो.

अधिकार मिळाला, पण वर्गात शिकवायचे काय आणि किती? गुरूच्या घरी हा प्रश्नच नसतो. शिष्याचा पाय तयार झाला की गुरू पुढचा तुकडा देतो, नाही झाला तर दोन वर्षे तत्काराची मूळ पावलेच करून घेतो. विद्यापीठाला मात्र पहिल्या वर्षी काय, दुसऱ्या वर्षी काय हे आगाऊ छापून द्यावे लागते. खैरागढच्या कथकाचा अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली गेली तीत पुण्याच्या रोहिणी भाटे होत्या. १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ काढून सदाशिव-नारायण पेठांतल्या मुलींच्या पायांत घुंगरू बांधण्याचे धाडस त्यांनी केले. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून त्यांनी विद्या घेतली, ‘अभिनयदर्पणा’वर मराठीतून लिहिले आणि इसाडोरा डंकनचे आत्मचरित्रही मराठीत आणले. नाचता येणे आणि नाचाविषयी नेमकेपणाने बोलता येणे या दोन्ही गोष्टी ज्यांना सारख्याच साधल्या अशा व्यक्ती फार थोड्या असतात, आणि अभ्यासक्रमाला तशाच व्यक्तीची गरज असते.

या अभ्यासक्रमात प्रत्यक्षात काय चालते याची कल्पना यावी म्हणून एक अगदी प्राथमिक उदाहरण देतो. कथकाच्या पदवीवर्गात नाचण्याइतकेच महत्त्व पढंताला असते. पढंत म्हणजे हाताने ताल धरून बोल तोंडाने म्हणणे. तीनताल सोळा मात्रांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर हात उलटा फिरवून खाली. विद्यार्थिनी मांडी घालून बसते, लेहऱ्याची तीच ती धून हार्मोनियमवर फिरत राहते, आणि तिला ‘तिगदा दिगदिग थेई’ एवढा तीन मात्रांचा तुकडा तीनदा म्हणून शेवटचा ‘थेई’ बरोबर समेवर आणायचा असतो. तुकडा तीन मात्रांचा, तीनदा म्हणजे नऊ मात्रा. शेवटची मात्रा पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडायला हवी, तर उचल खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेवरून करावी लागेल. नऊ, दहा, अकरा. बारा, तेरा, चौदा. पंधरा, सोळा आणि सम. इथपर्यंत क्लासमधल्या दहा वर्षांच्या मुलीलाही येते, कारण बाईंनी ‘खालीपासून धर’ असे सांगितलेले असते.

पदवीवर्गातली अध्यापिका इथून पुढे निघते. हीच तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणलेला तुकडा, आता दहा मात्रांच्या झपतालात बसव, बारा मात्रांच्या एकतालात बसव, चौदा मात्रांच्या धमारात बसव, असे ती सांगते. आणि मुलगी चाचपडत चाचपडत शोधते की झपतालात तिसऱ्या मात्रेपासून, एकतालात पाचव्या मात्रेपासून, धमारात सातव्या मात्रेपासून उचल केली असता ‘थेई’ समेवर पडतो. मग तिच्या ध्यानात येते की तालाच्या मात्रांतून सात वजा केले की उचलीची मात्रा मिळते, आणि तुकड्यांच्या मध्ये एक-एक मात्रेची विश्रांती ठेवली तर साताऐवजी नऊ वजा करावे लागतात. त्या क्षणापासून ती दिलेली तिहाई पाठ म्हणणारी राहत नाही, स्वतःची तिहाई बांधू लागते. भिलाईसारख्या गणितवेड्या गावात हे सांगायला हरकत नाही की आमच्या मुलांना शिकवणीवर्गात जी शिस्त लागते तीच येथेही लागते. फरक एवढाच की येथे उत्तर पायाने, तबल्याच्या साथीत आणि श्रोत्यांदेखत द्यावे लागते, आणि खोडरबर मिळत नाही.

याच्या जोडीला शास्त्र असते. भरताचे ‘नाट्यशास्त्र’, नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’तील एका हाताचे अठ्ठावीस आणि दोन हातांचे तेवीस हस्त, त्यांचे विनियोग, शिरोभेद, दृष्टिभेद, रस, अष्टनायिका, घराण्यांचा इतिहास आणि वेगवेगळ्या नृत्यशैलींची तुलना. या लेखी भागाकडे विद्यार्थी मंडळी कंटाळवाणी सक्ती म्हणून पाहतात आणि कित्येक ठिकाणी तो तसाच शिकविलाही जातो. वासकसज्जेची व्याख्या पाच गुणांसाठी लिहून दिलेल्या मुलीने रंगमंचावर कधी कोणाची वाट पाहिलेलीच नसते. पण जिथे दुपारी वाचलेला श्लोक संध्याकाळी अभिनयाच्या वर्गात देहावर घालून पाहिला जातो, तिथे खासगी क्लासला कधी न साधणारी एक गोष्ट घडते. आपण जे करतो ते असेच का करतो, दुसऱ्या घराण्यात ते निराळे का करतात, आणि आपल्याला गुरूंनी ‘परंपरा’ म्हणून जे सांगितले त्यातले किती दोन हजार वर्षांचे आणि किती गेल्या शंभर वर्षांतले, हे विचारण्याची मुभा मुलीला मिळते. घरगुती तालमीत हा प्रश्न उद्धटपणाचा ठरण्याचा संभव असतो.

तथापि जे साधत नाही तेही मांडले पाहिजे. विद्यापीठाचे वर्ष पंचांगाने चालते, नृत्याची तयारी तशी चालत नाही. सहामाही परीक्षा जवळ आली की छापलेला भाग ‘संपवावा’ लागतो, आणि थाट, आमद, तोडे, परण, गतनिकास यांची यादी पुरी झाली म्हणजे नृत्य आले असा समज त्यातून बळावतो. शिवाय एकाच विभागात एक अध्यापक लखनौच्या अंगाचा, दुसरा जयपूरच्या, तिसरा रायगढच्या असला की कच्च्या तयारीच्या मुलीचा हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे अशी अवस्था होते. जिचा पाया एका गुरूकडे पक्का झालेला आहे तिला हीच विविधता मेजवानी ठरते. म्हणून शून्यापासून नृत्य शिकायला कोणी विद्यापीठात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झालेल्या ललित कला केंद्राने यावर एक तोड काढून पाहिली. त्याची ओळखच ‘गुरुकुल’ अशी ठेवून, पदवी विद्यापीठाची परंतु तालीम मान्यवर गुरूंची, अशी सांगड तेथे घातली गेली. रोहिणीताई स्वतः तेथे शिकवीत. मुंबईत कनक रेळे यांनी ‘नालंदा’ नृत्यमहाविद्यालय मुंबई विद्यापीठाला जोडून हाच प्रश्न आपल्या रीतीने सोडविला.

पाश्चात्त्य विद्यापीठांना हा पेच निराळ्या रूपात पडला होता. अमेरिकेत नृत्याची पहिली पदवी १९२६ साली, म्हणजे लखनौचे कॉलेज निघाले त्याच वर्षी, विस्कॉन्सिन विद्यापीठात मंजूर झाली, आणि ती सुरू करणाऱ्या मार्गारेट ह’डब्लर या नर्तकी नव्हत्या; जीवशास्त्र शिकलेल्या व्यायामशिक्षिका होत्या. वर्गात त्या माणसाचा सांगाडा आणून ठेवीत आणि मुलींना प्रथम जमिनीवर आडवे पडून, भाराशिवाय सांधा कसा फिरतो ते पाहायला लावीत. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांनी भरत आणि नंदिकेश्वर यांना जेवढे स्थान दिले तेवढे गुडघ्याला दिले नाही. कथकाच्या मुलीच्या प्रत्येक पायात शंभर-दीडशे घुंगरू असतात, आणि तेवढा भार बांधून सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर वर्षानुवर्षे तत्कार केला की नडगी आणि गुडघे कुरकुरू लागतात. भरतनाट्यमच्या अर्धमंडलात मांडी बाहेर न वळविता नुसते पाऊल वळविणाऱ्या मुलीची गत तीच होते. खाली पोकळी ठेवून घातलेली लाकडी जमीन हा नृत्यवर्गातला चैनीचा भाग नव्हे, हे बांधकाम खात्याला समजावून देणे अजून बाकी आहे.

आता एक आमच्या परिसरापुरती गोष्ट. हुडकोतल्या मराठी घरातली मुलगी कथक शिकते, पण तिच्या चहूकडे जे नृत्य चालते त्याकडे तिचे घर सहसा ‘लोकांचे नाच’ म्हणूनच पाहते. दिवाळीनंतर कवड्या आणि मोरपिसे लेवून लाठ्या घेतलेले राऊत नाचत दारावर येतात, सुगीच्या दिवसांत सुवा गाणाऱ्या बाया टोपलीतल्या मातीच्या पोपटाभोवती फेर धरतात, आणि १८ डिसेंबरला गुरू घासीदास जयंतीस जैतखांबाभोवती पंथी सुरू होते. मांदर आणि झांजांच्या ठेक्यावर संथपणे निघालेली ती पावले ज्या बेताने द्रुत होत जातात आणि अखेरीस एकमेकांच्या खांद्यांवर मनोरे रचतात, तो लयीचा विस्तार विलंबितापासून द्रुतापर्यंत जाणाऱ्या कथकाच्या मांडणीशी ताडून पाहण्याजोगा आहे. दुर्ग जिल्ह्यातले देवदास बंजारे यांनी पंथी परदेशांतल्या रंगमंचांवर नेली. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी पंडवानीत एका तंबुऱ्याची गदा, धनुष्य आणि रथ करून दाखविला, आणि ‘अभिनयदर्पणा’तील विनियोगाचा याहून सरस वस्तुपाठ मी पाहिलेला नाही. खैरागढला लोकसंगीताचाही विभाग आहे. नृत्याच्या विद्यार्थिनीने त्या इमारतीची पायरी चढावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. रायगढचे घराणे गंमतीतल्या पोरांनीच घडविले होते, हे विसरता कामा नये.

व्यवहाराविषयी दोन शब्द लिहितो, कारण वडील मंडळींची खरी चिंता तिथेच असते. पहिला घोटाळा दाखल्यांचा. आमच्याकडच्या मुली क्लासमार्फत प्रयाग संगीत समितीच्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या किंवा खुद्द खैरागढच्याच पदविका परीक्षांना बसतात. ‘विशारद’, ‘प्रभाकर’, ‘विद्’ अशी प्रमाणपत्रे घरात चौकटीत लावलेली असतात, आणि पुष्कळांना वाटते की पदवी ती हीच. या परीक्षा उपयुक्त आहेत, प्रवेशाच्या वेळी तयारीचा पुरावा म्हणूनही कामी येतात. परंतु विद्यापीठात नियमित हजर राहून मिळविलेली बीपीए अथवा बीए ही पदवी आणि ही प्रमाणपत्रे सरकारदरबारी सरसकट एका मापाने मोजली जात नाहीत. पुढे एमपीए करून विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा द्यायची असेल, तर नृत्याचा समावेश तीत आहे, आणि महाविद्यालयीन अध्यापनाचा रस्ता तिथून जातो. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती असते. अठरा ते पंचवीस वयाच्या निवडलेल्या उमेदवारांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात. रकमेने डोळे दिपण्यासारखे त्यात काही नाही. बहुतेक पदवीधर शाळांतून शिकवितात, स्वतःचा वर्ग काढतात, सुट्टीत कार्यशाळा घेतात आणि वर्षातून काही थोडे कार्यक्रम करतात. केवळ मंचावर नाचून प्रपंच चालविणारे विरळा. हे आधी सांगितलेले बरे. मात्र गल्लीगल्लीत जे नृत्यवर्ग निघाले आहेत, त्यांत ताल न मोजता ध्वनिमुद्रित गाण्यावर मुली नाचविणारे शिक्षक किती आहेत हे पाहिले, म्हणजे पढंत करता येणाऱ्या, हाताशी तबलजी नसला तरी टाळीवर वर्ग घेऊ शकणाऱ्या पदवीधराला आमच्या वसाहतीत काम कमी पडेल असे मला वाटत नाही.

तेव्हा ज्या घरात हा विषय निघाला आहे त्यांनी होकार-नकार देण्याआधी काही गोष्टी करून घ्याव्यात. मुलीला तिच्या सध्याच्या गुरूंसमोर बसवून पढंत करायला लावावे, आणि तिचे नाचणे न पाहता नुसते ऐकावे. हात आणि तोंड एकमेकांना सोडून जात असतील तर वर्षभर थांबायला हरकत नाही. निरनिराळ्या विद्यापीठांचे चालू वर्षाचे अभ्यासक्रम आणि शुल्कपत्रक मागवून, विशेषतः प्रात्यक्षिकाला आणि लेखीला किती गुण आहेत, वर्गाला तबल्याची प्रत्यक्ष साथ असते की ध्वनिमुद्रित लेहरा, जमीन लाकडाची आहे की फरशीची, आणि वसतिगृहात सकाळच्या रियाजाला जागा आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे. खैरागढच्या वर्गात हिंदी चालते, विद्यार्थी श्रीलंकेपासून येतात आणि प्रवेशापूर्वी तयारी तपासली जाते. गाव लहान, नदीकाठचे आणि शांत आहे. राजनांदगावाहून बस मिळते. निकालाची वाट न पाहता, वर्ग चालू असतील अशा एखाद्या दिवशी, मुलीला घेऊन एकदा जाऊन यावे.